सारख्या वाटणाऱ्या पाइप-तंबाखूंची तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाइप ओढणारी मराठी मंडळी थोडी आहेत, पण त्यांचे प्रश्न थोडे नाहीत. गेली काही वर्षं मला येणाऱ्या निरोपांत एकच सूर फिरून फिरून ऐकू येतो: "हे आणि ते एकच का हो?" कधी डब्यांवरची नावं वेगळी आणि वर्णन सारखं, तर कधी नाव एकच आणि चव दर डब्याला निराळी. तेच तेच विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. खालची निम्मी उत्तरं एका गोष्टीवर उभी आहेत, ती आधी सांगतो. दोन तंबाखूंमध्ये आपल्याला जो फरक जाणवतो, तो बऱ्याचदा पानाचा नसतोच. तो ओलाव्याचा, कापाचा, पाइपचा आणि वयाचा असतो. या चार गोष्टी सारख्या करून घ्या, मग पानाबद्दल बोला.

१. दोन तंबाखू ‘सारख्या’ आहेत हे ठरवायचं कशावरून? डब्यावर तर सगळीकडे व्हर्जिनियाच लिहिलेलं असतं.

तांदूळ म्हटलं की आंबेमोहोरही आला आणि कोलमही. व्हर्जिनियाचं तसंच आहे. म्हणून नुसतं नाव वाचू नका. पान कोणतं, ते वाळवलं कसं, त्यावर दाब आणि उष्णता किती दिली आणि शेवटी कापलं कसं, हे चारही पाहा.

पानं मोजकीच आहेत. व्हर्जिनिया बंद कोठारात नळांतून फिरवलेल्या उष्णतेवर वाळवतात, त्यामुळे पानातली साखर टिकते. पिवळं व्हर्जिनिया गवत आणि लिंबाच्या सालीकडे झुकतं, तांबडं पावाकडे आणि मनुकांकडे. या पिवळ्या पानाची सुरुवात १८३९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल परगण्यात झाली. स्टीफन नावाच्या, गुलामीत जखडलेल्या माणसाने विझत आलेल्या आगीत घाईने कोळसे टाकले आणि पान पिवळंधमक उतरलं, अशी त्याची हकीकत सांगतात. पुढे जगभरच्या तंबाखूचा रंग त्या पानाने बदलला, म्हणून स्टीफनचं नाव मी मुद्दाम घेतो.

बर्ली हवेशीर कोठारात सावलीत वाळतं. त्यात साखर जवळजवळ उरत नाही, चव शेंगदाण्या-अक्रोडाच्या वळणाची. फिकट रंगाचं बर्ली १८६४ मध्ये ओहायोत सापडलं. स्वतःत गोडी नसल्यामुळे हे पान बाहेरचा पाक भरपूर पितं, म्हणून सुवासिक तंबाखूंच्या पोटात ते असतंच. ओरिएंटल म्हणजे तुर्कस्तान, ग्रीस, बाल्कन भागातली छोटी, उन्हात वाळवलेली पानं. तीच पानं महिनोन्महिने लाकडाच्या धुरात टांगली की लाटाकिया होतं. केंटकीही आगीवर धुरवलेलं असतं, पण ते जाड, दमदार पान आहे. लाटाकियाशी त्याची गल्लत करू नका.

राहिलं पेरिक. लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात पानांच्या जुड्या व्हिस्कीच्या पिंपांत दाबून वर्षभराच्या आसपास आंबवतात. मधे मधे पिंप उघडून पानांना हवा देतात आणि पुन्हा दाबतात. मिरपूड, अंजीर आणि किंचित आंबूस असं काहीसं त्यातून येतं. मिश्रणात ते चिमूटभरच असतं, पण नसलं की लगेच कळतं.

२. इंग्लिश, बाल्कन, स्कॉटिश, अॅरोमॅटिक ही नावं पाहून सारखेपणा ठरवता येईल का?

ढोबळमानाने येईल. लाटाकिया आहे आणि वरून सुवास दिलेला नाही, तर साधारण इंग्लिश. ओरिएंटलचा वाटा मोठा झाला की बाल्कन म्हणतात. त्यात कॅव्हेंडिश (वाफवून, दाबून मुरवलेलं पान) घालून मवाळ केलं की स्कॉटिश. व्हॅनिला, चेरी, मध, रम असा वरून चढवलेला वास पुढे असेल तर अॅरोमॅटिक. पण या नावांची वाटणी कोणी कायद्याने केलेली नाही. एकाच डब्याला एक विक्रेता इंग्लिश म्हणतो, दुसरा बाल्कन. नाव पाहून यादी करा, निकाल देऊ नका.

३. कॅव्हेंडिश कुठल्या देशातलं पान?

कुठल्याच नाही. कॅव्हेंडिश ही प्रक्रिया आहे: पान वाफवायचं, दाबायचं, मुरू द्यायचं. ते व्हर्जिनियाचं असेल तर गोडसर आणि बर्लीचं असेल तर घेतलेल्या पाकासारखं लागतं. दोन ‘ब्लॅक कॅव्हेंडिश’ एकमेकांसारख्या न लागण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

४. घरच्या घरी तुलना नेमकी कशी करायची? मी सकाळी एक ओढतो, रात्री दुसरी, आणि काहीच कळत नाही.

सकाळ-रात्र ही पहिली चूक. उपाशीपोटी ओढलेली आणि जेवणानंतर ओढलेली तंबाखू एकच असली तरी दोन लागतात. चहा की कॉफी घेतली, यानेही फरक पडतो.

माझी पद्धत अशी. दोन सारखे पाइप घ्या (कोणते ते प्रश्न ६ मध्ये). जवाहिऱ्याच्या छोट्या काट्यावर दोन्ही तंबाखू दोन-दोन ग्रॅम तोला. ताटलीत पसरून दोन्हींचा ओलावा एकाच पातळीला आणा. यात घाई करू नका. काप वेगळा असेल तर दोन्ही मोकळ्या करून सारख्या करा. मग एकाच बैठकीत ओढा, मधे साधं पाणी प्या आणि एखादा कोरडा पाव किंवा कुरमुरे खा. पहिल्या पाच मिनिटांवर मत बनवू नका. वरून दिलेला सुवास तिथेच उडून जातो. खरं पान मधल्या भागात बोलतं. मधल्या भागात काय जाणवलं ते लगेच लिहा. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा, कारण दुसऱ्यांदा ओढलेली तंबाखू थकलेल्या जिभेवर येते.

आणि खरी परीक्षा हवी असेल तर घरातल्या कुणाला तरी तीन पुड्या करायला सांगा: दोन एकाच तंबाखूच्या, तिसरी वेगळी. तिन्हींवर फक्त आकडे. वेगळी कोणती ते तुम्ही ओळखायचं. चहा आणि कॉफी चाखणारे लोकही अशीच तपासणी करतात. नुसत्या नशिबावरही सरासरी तीनांतून एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून एकदा ओळखून थांबू नका; निदान सहा वेळा बसा. ही परीक्षा केल्यापासून ‘हे त्याच्यापेक्षा स्पष्टपणे सरस’ असं वाक्य लिहिताना माझा हात थांबतो.

५. ओलावा किती असावा? मुंबईत आणि नागपुरात एकच डबा वेगळा का लागतो?

लागणारच. एप्रिलमध्ये नागपुरात डबा उघडा राहिला तर दुपारभरात पान चुरा होतं. जुलैत मुंबईत तेच पान ताटलीत दोन तास ठेवलं तरी ओलंच. ओढण्यासाठी पानात साधारण १२ ते १६ टक्के ओलावा असतो तेव्हा बरं पडतं, पण घरी टक्के मोजत बसायची गरज नाही. चिमूट बोटांत दाबा. सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर जास्त ओली. सोडल्यावर हळूहळू उलगडली तर बरोबर. कुरकुरली तर कोरडी.

ओल्या तंबाखूत निखाऱ्याची ताकद पाणी उडवण्यातच जाते. धूर वाफाळ, चव बोथट, आणि पुन्हा पुन्हा पेटवावं लागतं. फार कोरडी असेल तर भडभड जळते आणि गोडी उडते. इंग्लंडातल्या केंडल गावचे फ्लेक (दाबून वडी केलेल्या पानाच्या पातळ चकत्या) डब्यातूनच चांगले ओले येतात. सॅम्युएल गॅविथचा फुल व्हर्जिनिया फ्लेक डब्यातून काढून तसाच भरला आणि ‘यात काही चव नाही’ असं लिहिलं, असे निरोप मला किती आले याची गणती नाही. त्या सगळ्यांना मी एकच सांगतो: फ्लेक मोकळा करा, पाऊण तास ताटलीत ठेवा, मग मत द्या. पावसाळ्यात ताटली टेबलावरच्या दिव्याखाली ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, सुवास आधी जातो आणि पाणी नंतर.

६. तुलनेसाठी पाइप कोणता? ब्रायरच हवा का?

ओढायला ब्रायर उत्तमच. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाच्या गाठीचं ते लाकूड. पण तुलनेला त्याचा एक गुण आड येतो: ते वास धरून ठेवतं. आतला कोळशाचा थर आधीच्या तंबाखूची आठवण पुढच्या कित्येक वेळा सोडत नाही. लाटाकिया ओढलेल्या पाइपमध्ये नाजूक व्हर्जिनिया भरलं की धुराचाच वास येतो आणि दोष व्हर्जिनियाला लागतो.

मक्याच्या कणसाचे दोन नवे पाइप घ्या. मिझुरीतल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून ते बनतात आणि पाइपांत सगळ्यांत स्वस्त असतात. दोन्ही एकाच आकाराचे असू द्या. वाटी अरुंद की रुंद यावर निखारा बदलतो आणि चवही. मातीचा पाइपही वास धरत नाही, पण फार तापतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. केंडलच्याच काही तंबाखूंना जिरेनियम, गुलाब, टोंका बी अशांचा जुन्या वळणाचा सुवास असतो. एनरडेल फ्लेक हे त्याचं ठळक उदाहरण. काहींना तो साबणासारखा वाटतो, मला फार आवडतो. पण तो एकदा पाइपमध्ये शिरला की निघत नाही. त्यासाठी कणसाचा पाइप कायमचा वेगळा काढा आणि त्यावर खूण करा.

७. कॅपस्टनचा निळा डबा फ्लेकमध्ये घेतला आणि तोच मोकळ्या कापातही. तंबाखू एकच असेल तर चव वेगळी का?

कारण काप म्हणजे जळण्याचा वेग. फ्लेक म्हणजे दाबून वडी केलेल्या पानाची पातळ चकती. ती घडी करून भरली की हवा कमी खेळते, निखारा सावकाश सरकतो आणि पान कमी तापमानाला जळतं. मोकळा काप लवकर पेटतो, गरम जळतो, त्यामुळे तीच गोडी जरा तिखट होऊन येते. खात्री करायची तर फ्लेक तळहातावर चोळून पूर्ण मोकळा करा आणि मग दोन्ही सारख्याच भरा. माझ्या जिभेवर तेव्हा फरक उरत नाही.

याच कारणाने दोन वेगळ्या कंपन्यांच्या तंबाखूंची तुलना करताना एक फ्लेक आणि दुसरी मोकळी असेल, तर आधी दोन्ही मोकळ्या करा. फ्लेक हळूहळू जळण्यातलं सुख वेगळं आहे, ते नंतर स्वतंत्र घ्या.

८. एस्कुडो, डीलक्स नेव्ही रोल्स आणि लक्झरी बुल्सआय फ्लेक: तिन्ही गोल चकत्या, तिन्हींत व्हर्जिनिया आणि पेरिक. पैसे तीनदा का घालवायचे?

हा मला सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

तिन्ही घडवण्याची रीत एक. व्हर्जिनियाच्या पानांत पेरिक घालून दोरासारखी वळकटी करायची, दाबायची आणि आडवी कापायची, की नाण्यासारख्या चकत्या पडतात. तिन्ही नावं आता स्कॅन्डिनेव्हियन टोबॅको या डॅनिश समूहाच्या छत्राखाली आहेत. म्हणजे नात्याने ही भावंडंच.

त्यांतली बुल्सआय डोळ्यांनीच वेगळी काढता येते. चकतीच्या मध्यभागी काळा ठिपका दिसतो, तो ब्लॅक कॅव्हेंडिशचा. त्याने पेरिकच्या मिरपुडीची धार बोथट होते आणि धूर गोडसर, गुळगुळीत होतो. ज्यांना एस्कुडो टोचतं, त्यांना मी बुल्सआय सुचवतो, आणि बहुतेकांचं त्यावर समाधान होतं.

एस्कुडो आणि डीलक्स नेव्ही रोल्सची गोष्ट अवघड आहे. कित्येक वर्षं मी छातीठोकपणे सांगायचो की एस्कुडो जास्त मिरमिरीत आहे. मग प्रश्न ४ मधली तीन पुड्यांची परीक्षा केली, दोन्ही मोकळ्या करून, सारख्या वाळवून. सहा वेळा बसलो, दोनदा बरोबर ओळखलं. नशिबानेही तेवढंच जमलं असतं. त्यामुळे माझा सल्ला असा: ज्या डब्यावरची तारीख जुनी असेल तो घ्या. या दोघींत नावापेक्षा वयाचा फरक मोठा आहे, आणि का ते प्रश्न १३ मध्ये.

९. डनहिलचं माय मिक्स्चर ९६५ आणि पीटरसनचं ९६५ एकच आहे का?

याचं उत्तर देण्याआधी ‘डनहिलचं कुठलं?’ असं उलट विचारावं लागतं.

आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान उघडलं. तिथे गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण करून देत आणि ते एका वहीत क्रमांकाने नोंदवून ठेवत, म्हणजे पुढच्या वेळी तेच मिळावं. ‘माय मिक्स्चर’ हे नाव आणि ९६५ हा आकडा त्या वहीतून आले. कुणा एका माणसाची आवड पुढे जगभर खपली, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

पुढे काम जागा बदलत गेलं. १९८१ च्या सुमारास ते लंडनहून बेलफास्टच्या मरी या कंपनीकडे गेलं, २००५ मध्ये तो कारखाना बंद झाल्यावर डेन्मार्कला ऑर्लिक या कंपनीकडे. मग डनहिल हे नावच पाइप-तंबाखूवरून उतरलं आणि २०१९ मध्ये तीच मिश्रणं पीटरसनच्या नावाने बाजारात परतली.

म्हणजे तुमच्याकडचा डनहिलचा डबा २००५ नंतरचा डॅनिश असेल, तर पीटरसनचं ९६५ त्याच हातांतून आलेलं आहे. मला त्यात वेगळेपण सापडलेलं नाही. डबा बेलफास्टचा असेल तर लाटाकियाचा ऐवज आणि कॅव्हेंडिशचा पोत दोन्ही वेगळे वाटतात. पण तो डबा निदान दोन दशकं मुरलेला आहे. लंडनचा असेल तर चार दशकं. अशा डब्याची आजच्या ताज्या डब्याशी तुलना म्हणजे आजीच्या बरणीतलं जुनं लिंबाचं लोणचं आणि कालचं लोणचं शेजारी ठेवून फोडीची जात ठरवणं. जुन्या डब्याचा आनंद जरूर घ्या. ‘पूर्वीची कृती चांगली होती’ हा निष्कर्ष मात्र त्यावरून काढता येत नाही.

त्याच घरातल्या इतरांबद्दल थोडक्यात: अर्ली मॉर्निंग पाइपमध्ये लाटाकिया हलकं, ९६५ मध्ये मध्यम आणि कॅव्हेंडिशने मऊ झालेलं, नाइटकॅपमध्ये भरपूर आणि जोडीला पेरिक. तिघांना एकमेकांचे पर्याय समजू नका.

१०. नाव तेच राहिलं आणि आतली तंबाखूच बदलली, असं होतं का?

होतं, आणि त्याचं सर्वांत दुखरं उदाहरण थ्री नन्स. ग्लासगोच्या बेल घराण्याची ही गोल चकत्यांची तंबाखू पेरिकसाठी ओळखली जायची. पुढे मॅक बॅरन या डॅनिश कंपनीच्या काळात ती पेरिकशिवाय, व्हर्जिनिया आणि धुरवलेल्या केंटकीची झाली. तंबाखू वाईट नाही. मला तिचा भाजकेपणा आवडतो. पण जुन्या थ्री नन्सची ओढ असेल तर नव्या डब्यात ती सापडणार नाही. त्यासाठी प्रश्न ८ मधल्या चकत्यांकडे वळा.

बाल्कन सोब्रानी २०११ मध्ये परत आलं, जर्सी बेटावरच्या जर्मेन यांच्या हातून. उत्तम मिश्रण आहे. पण जुन्या डब्यांतल्या पानांचे पुरवठादार आता राहिलेले नाहीत, त्यामुळे ‘तंतोतंत तेच’ हा शब्द मी कधीच वापरत नाही.

११. सीरियन लाटाकिया आणि सायप्रसचं लाटाकिया यांत खरंच फरक आहे की नुसता जुन्या लोकांचा हट्ट?

फरक आहे. पानाची जात वेगळी आणि धुरासाठी जाळलेली झाडंझुडपंही वेगळी. सायप्रसचं लाटाकिया जास्त गोडसर, चामड्यासारखं, धुपाच्या जवळचं. सीरियन अधिक कोरडं, वाइनच्या आंबूसपणाकडे झुकणारं, लाकडाच्या धुराचं. नाव सीरियाच्या लाटाकिया बंदरावरून आलं, पण आज डब्यात जे मिळतं ते जवळपास सगळं सायप्रसचं असतं. जुन्या आणि नव्या इंग्लिश मिश्रणांत जाणवणाऱ्या फरकाचा बराच भाग इथे आहे.

१२. लाटाकियाचा वास इतका जबर, पण चक्कर आली ती साध्या दिसणाऱ्या तपकिरी फ्लेकने. असं का?

वासाचा जोर आणि निकोटिनचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाटाकिया ओरिएंटल पानाचं, आणि ओरिएंटलमध्ये निकोटिन कमी. धुराने वास वाढतो, निकोटिन वाढत नाही. उलट केंटकी, जाड तांबडं व्हर्जिनिया आणि बर्ली गुपचूप ‘लागतात’. त्यात बर्लीसारख्या हवेत वाळवलेल्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे तोंडाच्या आतल्या त्वचेतून निकोटिन पटकन शोषलं जातं. धूर छातीत घेतलेला नसला तरी.

तंबाखू लागली, घाम फुटला, मळमळलं, तर पाइप लगेच खाली ठेवा, मोकळ्या हवेत बसा, साखर-पाणी घ्या. बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे जा. तुलनेच्या बैठकीत दोन दमदार तंबाखू एकामागून एक कधीच ओढू नका. तिथे मी दोन ग्रॅमचा एक ग्रॅम करतो.

जीभ सोलवटणं याचा याच्याशी संबंध नाही. ते बहुतेक वेळा वाफेने आणि घाईने ओढण्याने होतं. उपाय प्रश्न ५ मध्ये.

१३. मुरवलेली तंबाखू ताज्यापेक्षा नेहमीच चांगली का?

नेहमी नाही. व्हर्जिनिया मुरतं तेव्हा सोनं होतं, कारण मुरायला त्याच्याकडे साखर आहे. वर्ष-दोन वर्षांत कोवळा कडवटपणा जातो, पाच वर्षांत मनुका आणि पाव वर येतात. व्हर्जिनिया-पेरिकही सुंदर मुरतं. लाटाकियाचा धूर मात्र वर्षांगणिक मावळत जातो. कुणाला ते मवाळ वाटतं, कुणाला पचपचीत. सुवासिक तंबाखूंना मुरवून काही मिळत नाही, वरचा वास उडून जातो एवढंच.

मुरवायची तर न उघडलेल्या डब्यात, किंवा रबरी कडीच्या काचेच्या बरणीत गच्च भरून, अंधारात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी प्रत्येक बरणीची कडी तपासा. पानावर पांढरं दिसलं तर दोन शक्यता: चमकणारे बारीक कण असतील तर ते स्फटिक, आणि ते चांगलं लक्षण, कापसासारखी तंतुमय लव आणि कुबट वास असेल तर बुरशी, सगळी बरणी टाकून द्या. वरचं काढून खालचं वापरू नका.

१४. ‘अमुक मिश्रणाशी जुळणारं’ म्हणून सुटी मिळणारी तंबाखू घ्यावी का?

घ्यावी, पण अपेक्षा नीट ठेवून. अमेरिकेतल्या सटलिफने अशी ‘मॅच’ नावाची मालिकाच काढली होती. नामांकित मिश्रणांची कृती जिभेवरून उभी करायची, असा तो प्रयत्न. पानांची यादी जुळते, प्रमाण जवळपास जुळतं. राहून जातात ती दाबण्याची आणि मुरवण्याची वर्षं. पहिल्या डब्यात निराशा झाली तर उरलेली सहा महिने बरणीत ठेवा आणि पुन्हा चाखा. पानं एकमेकांत मिसळायला वेळ लागतो.

१५. आमच्याकडे निपाणीची तंबाखू मिळते. गुंटूरचं व्हर्जिनियाही आहे. ते पाइपमध्ये चालेल का?

निपाणी पट्ट्यातली तंबाखू बिडीसाठी उन्हात वाळवलेली, दणकट आणि कोरडी. पाइपमध्ये ती जळेल, पण फार तिखट आणि फार जड लागेल. ती वाईट नाही, तिचं काम वेगळं आहे.

आंध्र आणि कर्नाटकातलं व्हर्जिनिया मात्र खऱ्या अर्थाने नळांच्या उष्णतेवर वाळवलेलं असतं. गुंटूरला १९७६ पासून तंबाखू मंडळ आहे आणि राजमहेंद्रीला १९४७ पासून संशोधन संस्था. पण ते पान बहुतांशी सिगरेटच्या गरजेने पिकवलेलं आणि निवडलेलं असतं. पाइपसाठी लागणारं दाबणं, वाफवणं, मुरवणं त्यावर झालेलं नसतं. तेव्हा गुंटूरचं सुटं पान आणि डॅनिश फ्लेक शेजारी ठेवून ‘आपलं पान हलकं’ म्हणणं चुकीचं आहे. एक बाजू पानाची आहे, दुसरी बाजू पान अधिक दोन वर्षांच्या मेहनतीची.

१६. धूर आत घेत नाही, मग पाइप सिगरेटपेक्षा निर्धोक समजायचा का?

नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा आणि फुप्फुसाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांनाही होतो. व्यसनही लागतं, कारण निकोटिन तोंडातून शोषलं जातं (प्रश्न १२). एक मिश्रण दुसऱ्यापेक्षा ‘कमी अपायकारक’ असंही काही नसतं; नैसर्गिक, बिनसुवासाचं वगैरे शब्द चवीबद्दल आहेत, तब्येतीबद्दल नाहीत. जो ओढत नाही त्याने हे सगळं वाचून सुरुवात करू नये, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, तशा वाचकांचे निरोप आले तर मी उत्तर देत नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दंतवैद्याला दाखवा.

१७. आजोबा पाइप ओढायचे. त्या खोलीचा वास मला आठवतो, डब्याचं नाव आठवत नाही. सर्वांत जवळचं मिश्रण कोणतं?

असे निरोप बरेच येतात, आणि लिहिणाऱ्यांतले निम्मे स्वतः ओढणारे नसतात.

आधी एक अडचण समजून घ्या. तुम्हाला आठवतो तो बाजूला बसलेल्याला येणारा वास, आजोबांच्या जिभेवरची चव नव्हे. दोन्हींत अंतर असतं. चेरी-व्हॅनिलाची तंबाखू खोलीत मिठाईसारखी दरवळते आणि ओढणाऱ्याच्या तोंडात फारशी गोड नसते. लाटाकियाचं उलट, ओढणाऱ्याला तो धुपासारखा, खोलीतल्यांना जळक्या गोणपाटासारखा. तेव्हा आठवणीतला वास गोड होता की धुराचा, हे आधी ठरवा.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: डबा गोल होता की चौकोनी, की कागदी पुडकं? पान काळं होतं, तपकिरी की मिश्र रंगाचं? चकत्या होत्या की मोकळा चुरा? आजोबा जहाजावर, रेल्वेत, सैन्यात की चहाच्या मळ्यावर होते? कारण तिथे जे मिळायचं तेच बहुतेकदा ओढलं जायचं. जुना पाइप अजून घरात असेल तर तो धुऊ नका. वाटी नाकाशी धरा. आतल्या कोळशाच्या थरात त्या तंबाखूचा माग अजून असतो (प्रश्न ६). गोड, फुलांसारखा, धुराचा, आंबूस, जे काही येईल ते लिहून मला कळवा.

आणि तंबाखू सापडली तर ती पेटवायलाच हवी असं नाही. वाईच्या एका ताईंनी अर्ली मॉर्निंग पाइपचा डबा मागवला आणि फक्त झाकण काढून वडिलांच्या टेबलावर ठेवला. दोन दिवस त्या खोलीचं दार लावून घेतलं होतं, असं त्यांनी कळवलं. ओलावा टिकावा म्हणून रात्री झाकण परत लावत होत्या. ते मात्र मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांना वडिलांची सवय आठवली होती.